घरच्या बिअरची चव धान्यावर ठरते की गॅसवर?

धान्यावर. गॅसचा नंबर नंतर.

तुम्ही विचारलंय की बार्लीऐवजी ज्वारी घेतली आणि बाटलीत साखर कमीजास्त केली तर चवीत काय फरक पडेल. पुढे लिहिलंय, 'ज्वारीची बिअर पाणचटच लागते म्हणतात.' खरं सांगायचं तर या दुसऱ्या वाक्यासाठीच लिहायला बसलो.

हेच वाक्य आमच्या भाऊजींनी दिवाळीत आमच्याच ओसरीवर बसून ऐकवलं होतं. ते मेलबर्नला असतात. तिकडे घरी बिअर करायला मुभा आहे, गॅरेजमध्ये सगळा सरंजाम. एकदा ज्वारीची करून पाहिली तर म्हणे 'निव्वळ आंबील झाली'. वणी तालुक्यात, ज्वारीवाल्याच्या घरात बसून हे बोलायचं! मी वाळूजला बिअरच्या कारखान्यात बरीच वर्षं काढलेली. विचारलं, "भाऊजी, पाणी किती डिग्रीला ठेवलं होतं?"

"पासष्ट. बार्लीला ठेवतो तेवढंच."

झालं. बार्लीचा स्टार्च साठ-पासष्टला फुलतो, ज्वारीचा सत्तरीच्या पुढेमागे. पासष्टला ज्वारी कच्ची राहते, साखर सुटत नाही, मग पाणचट नाही तर काय होणार? बरं, थेट उकळली तर स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स मरतात. म्हणून मोड आणून वाळवलेल्या ज्वारीचा भरडा आधी कोमट पाण्यात भिजवून वरचं निवळ पाणी काढून ठेवायचं, एन्झाइम्स त्यातच उतरतात, खालच्या भरड्याच्या चक्क कण्या शिजवायच्या आणि पासष्टपर्यंत निवल्या की ते पाणी परत घालायचं. नायजेरियानं १९८८ साली बाहेरच्या बार्ली माल्टला, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीला, बंदी घातली तेव्हा तिथले मोठे कारखाने ज्वारी-मक्यावर आले. त्यांची बिअर काय आंबील होती?

भाऊजींना पटेना. मग दुसऱ्या दिवशी आईकडची मोड आणून वाळवलेली ज्वारी घेतली. कोंब-मुळं आधीच चोळून पाखडलेली होती. किरळ लागून, म्हणजे कोवळी ज्वारी खाऊन विषबाधा होऊन, ढोरं मरतात ते विष त्या कोंबातच जास्त असतं. ज्वारीला बार्लीसारखं टरफल नाही, त्यामुळे पाणी झिरपेना, शेवटी धोतराच्या फडक्यातून पिळलं. खमीर घातलं नाही, नुसता गोड काढा. पांढऱ्या ज्वारीचा गंज चुलीवरून उतरला तेव्हा ओसरीपर्यंत हुरड्यासारखा वास गेला. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारीही शेजारच्या गंजात शिजवली होती, पण ती चाखावी लागलीच नाही. मातकट, बुरशीचा वास, सरळ उकिरड्यावर.

मग चौकातून गोटी सोडा आणवला. एका पेल्यात काढा आणि थंड पाणी, दुसऱ्यात तेवढाच काढा आणि थंड सोडा. भाऊजी दोन्ही प्यायले आणि सोड्याच्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ही ज्वारी वेगळी आहे." ताई हसून बेजार! गॅस पाण्यात विरघळला की कार्बोनिक आम्ल होतं. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींना ते कळतं, म्हणून गोडवा मागे पडतो, कडू-तुरट पुढे येतं. लालसर तुरट ज्वारी आणि वर जास्त गॅस, हे जमणारच नाही.

बाकी धान्यांचं थोडक्यात: गव्हानं फेस आणि गढूळपणा, तांदळानं हलकेपणा, काळपट भाजलेल्या बार्लीनं कॉफीसारखा कडूपणा.

गॅसचं प्रमाण साधारण असं, की एक लिटर बिअरमध्ये अडीच लिटर गॅस विरघळलेला असतो. गव्हाच्या बिअरला तीनच्या वर, जुन्या इंग्रजी पद्धतीच्या बिअरला दोनच्या आत. अडीचसाठी बाटलीबंद करताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते, बाटलीतलं खमीर तिचाच गॅस करतं. आंबणं पुरतं थांबायच्या आत बाटल्या भरल्यात तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचा वेचत बसाल.

आणि हो, महाराष्ट्रात विनापरवाना घरी बिअर करणं गुन्हा आहे. जिथे मुभा असेल तिथेच हे करा.

भाऊजी अजूनही फोनवर म्हणतात की तिकडची ज्वारीच वेगळी. ऑस्ट्रेलियात ती मुख्यतः ढोरांसाठी पिकवतात, हे मान्य. पण पासष्ट डिग्री काही ज्वारीनं ठरवली नव्हती.