रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड: टेन्शनमध्ये हृदयाचं नेमकं काय होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं नॉर्मल, तरी मीटिंगच्या आधी छातीत धडधड, हात गार, तोंडाला कोरड. डॉक्टर म्हणाले टेन्शन, घरचे म्हणाले मनाचे खेळ. मग हृदयाला खरंच काही होतं का, आणि अशानं अटॅक येतो का?

होतं, आणि ते मोजताही येतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हृदयाची रचना आणि त्या क्षणाची लय ठीक, एवढंच. मी बरीच वर्षं स्ट्रेस टेस्टच्या खोलीत काम केलंय. इलेक्ट्रोड लावून माणूस ट्रेडमिलवर उभा राहतो, पट्टा अजून हललेलाही नसतो आणि मॉनिटरवर ठोके ११०! श्रम शून्य. जरा इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या की आकडा नव्वदीत येतो, मग टेस्ट सुरू करायची.

मेंदूनं धोका ताडला, मग तो वाघ असो की साहेबांचा मेल, की हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या छोट्या केंद्रातून सिम्पथेटिक नसांना, म्हणजे शरीराला लढायला-पळायला तयार करणाऱ्या नसांना, हुकूम सुटतो. नसांची टोकं थेट हृदयात नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन ओततात. हृदयाच्या पेशींवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे हे संदेश झेलणारे रेणू, ते पकडतात. ठोके वाढतात, प्रत्येक ठोक्याचा जोरही वाढतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हात गार. हे सगळं काही सेकंदांत. रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन दोन-तीन मिनिटांत निम्म्यावर येतं, त्यामुळे मीटिंग सुरळीत सुरू झाली की बरं वाटायला लागतं.

कॉर्टिसॉल या ताणाच्या दुसऱ्या हार्मोनची चाल संथ असते. ते शिखराला पोचायला वीस-तीस मिनिटं लागतात. यकृतातून साखर सोडायला लावणं आणि रक्तवाहिन्यांना अ‍ॅड्रेनलिनसाठी जास्त हळवं करणं ही त्याची कामं. एरवीही सकाळी उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला जातं. म्हणूनच 'स्ट्रेस किती आहे बघू' म्हणून कधीतरी एकदा कॉर्टिसॉल तपासून घेणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. ती तपासणी ग्रंथींचे आजार शोधायला आहे.

आता खरी मेख. पळतानाही अ‍ॅड्रेनलिन वाढतंच, मग पळणं चांगलं आणि टेन्शन वाईट का? पळताना स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्ताला वाट मिळते, सोडलेली साखर आणि चरबी जळून जाते. खुर्चीत बसून घाबरल्यावर यातलं फारसं काही होत नाही. रक्तदाब मात्र चढतो. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी चिकट होतात, कारण शरीर जखमेची तयारी करत असतं आणि जखम तर कुठेच नाही. निरोगी कोरोनरी वाहिनी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी वाहिनी, अशा वेळी रुंदावते. आत चरबीचे थर साचून अस्तर बिघडलं असेल तर तीच वाहिनी उलट आवळते: मागणी वाढली आणि पुरवठा घटला. असा मानसिक ताणातला इस्केमिया, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडणं, पुष्कळदा दुखतही नाही, आणि व्यायामात येणाऱ्या इस्केमियापेक्षा कमी ठोक्यांवरच येऊ शकतो.

अटॅकचं म्हणाल तर एक उदाहरण बघा. १७ जानेवारी १९९४ ला पहाटे लॉस एंजेलिस भागात नॉर्थरिजचा भूकंप झाला. आदल्या आठवड्यात तिथे हृदयविकारानं होणारे अचानक मृत्यू दिवसाला सरासरी ४.६ होते, त्या दिवशी २४ झाले. पुढच्या सहा दिवसांत मात्र सरासरी २.७ पर्यंत उतरली. म्हणजे बहुधा ज्यांच्या वाहिन्या आधीच खराब होत्या, त्यांचं मरण त्या हादऱ्यानं अलीकडे ओढलं. याला एक अपवाद आहे, ताकोत्सुबो. वाहिन्यांत अडथळा नसताना, जबर धक्क्यानंतर, हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं टोक आकुंचन पावेनासं होतं. रजोनिवृत्तीनंतरच्या बायकांमध्ये हे जास्त दिसतं. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन) दोन्ही अटॅकसारखे येतात, पण बहुतेकांचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं.

तुमच्यासारख्या निरोगी हृदयाला मीटिंगआधीची पंधरा मिनिटांची धडधड सहज पेलते. मला काळजी वाटते ती रात्री अकरालाही तीच मीटिंग डोक्यात चालू असण्याची. तेव्हा झोप मोडते, रात्री उतरायला हवा तो रक्तदाब उतरत नाही, सिगारेट वाढते. इंटरहार्ट या ५२ देशांतल्या अभ्यासात (२००४) मानसिक-सामाजिक ताण हा अटॅकच्या नऊ मुख्य घटकांत मोडला, धूम्रपान आणि मधुमेहाच्याच यादीत.

ओठांना, बोटांना मुंग्या येतात का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. येत असतील तर तुम्ही नकळत भराभर श्वास घेताय. त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, कॅल्शियमचं संतुलन बदलतं आणि मुंग्या, गरगरणं सुरू होतं. उपाय साधा: श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या, मिनिटाला सहाच्या आसपास श्वास. उच्छ्वासात व्हेगस ही मेंदूकडून हृदयाकडे जाणारी, शांत करणारी नस हृदयाला आवर घालते, म्हणून ठोके उतरतात. मीटिंगआधीची कॉफी बंद करून बघा. कुणाच्या सांगण्यावरून प्रोप्रॅनोलॉल (बीटा रिसेप्टर अडवून ठोके कमी करणारं औषध) घेऊ नका, दमा असेल तर मुळीच नको.

मात्र चालताना-जिना चढताना छातीत दाब येणं, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, दरदरून घाम, चक्कर येऊन पडणं यातलं काहीही झालं तर 'टेन्शनच असेल' म्हणून घरी बसू नका, सरळ इमर्जन्सी गाठा.

आणि धडधड वरचेवर होत असेल तर डॉक्टरांना २४ तासांच्या होल्टरबद्दल, म्हणजे अंगावर बाळगायच्या ईसीजी मशीनबद्दल, विचारा. मशीन लावलं की कधी काय झालं ते वेळेसकट डायरीत लिहा, नाहीतर रेकॉर्डिंग वाचणाऱ्याला काही जुळवता येत नाही. त्या दिवशी रजा तेवढी टाकू नका. बरेच जण टाकतात, आणि मग रिपोर्ट पुन्हा नॉर्मल येतो.