काटकसरीचा भार कुणावर?

समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांकडून एक प्रश्न वारंवार विचारला जातो. घरातील एखादी व्यक्ती, बहुधा वडीलधारी, हाताशी पैसा असूनही तो खर्च होऊ देत नाही. तिला कंजूष म्हणावे, तर त्याच व्यक्तीने आयुष्यभर घर सावरलेले असते. आणि काटकसरी म्हणून कौतुक करावे, तर तिच्या काटकसरीत घरातील बाकीची माणसे गुदमरत असतात. काही वेळा स्वतः काटकसर करणारी माणसेच विचारतात की, दहा रुपये वाचवण्यासाठी आपण इतका जीव का आटवतो, आणि कोणती बचत करावी व कोणती सोडून द्यावी हे ओळखायचे कसे? या प्रश्नाचे उत्तर लातूरमधील एका कुटुंबाच्या अनुभवातून देते. त्यांच्या संमतीनेच हे लिहीत असून ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

नाना जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. जुनी निवृत्तिवेतन योजना लागू असल्याने दरमहा ठरलेली रक्कम बँकेत जमा होते, स्वतःचे घर आहे, गावाकडे थोडी जमीन असून तिच्यात सोयाबीन आणि तूर होते. घरात पत्नी, मुलगा, खासगी शाळेत शिकवणारी सून आणि दीड वर्षाची नात. माझ्याकडे प्रथम आली ती सून, आणि तिची तक्रार कपडे धुण्याच्या यंत्राची होती. माहेरून आलेले यंत्र वीज आणि पाणी खाते म्हणून न्हाणीघराशेजारी झाकून ठेवलेले होते आणि शाळेतून आल्यावर ती रोज तासभर हाताने कपडे धूत होती. उन्हाळ्यात दुपारी नात झोपली की नाना पंखा बंद करत, रात्री फ्रिजचे बटण बंद करत, आणि संध्याकाळी सर्वांना बसवून दिवसभराचा पै-पैचा हिशेब वहीत उतरवत. स्वतंत्र राहायला जावे का, असे तिला विचारायचे होते.

मी नाना आणि काकूंनाही बोलावून घेतले. नाना आले ते बगलेत वह्या घेऊनच. पंचवीसेक वर्षांचा खर्च त्यांच्याकडे ओळीने लिहिलेला होता आणि त्यांचा स्वर आरोपीचा नव्हता, उलट आपले काम चोख केलेल्या माणसाचा होता. “मी काय कुणाचं हिरावून घ्यायलो का, मॅडम? सगळं ह्यांच्यासाठीच चाललंय की,” असे ते म्हणाले, आणि ते खरेही होते. स्वतःसाठी त्यांनी कित्येक वर्षांत चैनीची वस्तू घेतलेली नव्हती.

त्यांच्याशी एकट्याने बोलताना 1972 च्या दुष्काळाचा विषय निघाला. मराठवाड्यात त्या पिढीतील माणसाशी पैशावर बोलताना तो सहसा निघतोच. नाना तेव्हा दहा वर्षांचे होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असे, घरात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी होत, मुलांना सुकडी मिळे. थोरल्या भावाची शाळा त्या वर्षी सुटली ती सुटलीच, आणि नाना शिकू शकले ते भावाच्या मजुरीवर. ज्याने घरातील दाणा संपताना पाहिला आहे, त्याला “आता कशाला काळजी करता” असे सांगून काही साधत नाही. त्याच्या दृष्टीने साठवण म्हणजे सुरक्षितता असते, आणि ती कुणी सोडवू पाहिली की तो ती अधिकच घट्ट धरतो. म्हणून नानांची काटकसर कमी करणे हे उद्दिष्ट मी ठेवलेच नाही. ती काटकसर नेमकी कशावर चालते आणि तिचा भार कुणावर पडतो, एवढेच पाहायचे ठरवले.

काही गोष्टींत ते निःसंशय बरोबर होते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, आणि पहिल्या खेपेत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. ते दिवस ज्याने काढले आहेत, त्याने भांडी विसळलेले पाणी झाडांना घातले, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? गंजगोलाईपर्यंत गाडी काढून संध्याकाळी उतरत्या भावाने भाजी आणण्याची त्यांची सवय मात्र मुलाला खटकत होती. जाण्यायेण्याच्या पेट्रोलचा हिशेब धरला, तर वाचलेल्या वीस-पंचवीस रुपयांतले फारसे काही उरत नाही, हे त्याचे म्हणणे चूक नव्हते. पण बाजारात नानांना चार जुने सहकारी भेटतात आणि तासभर गप्पा होतात. निवृत्त माणसाच्या आयुष्यातून एवढी गोष्ट काढून घेण्याचे कारण मला दिसले नाही. भाजी हे निमित्त आहे, हे कुटुंबाने समजून घ्यावे आणि विषय सोडून द्यावा, असे मी सुचवले.

खरा पेच काकूंशी एकांतात बोलताना कळला. बोलता बोलता त्या सहज म्हणाल्या की रक्तदाबाची गोळी त्या एक दिवसाआड घेतात. “रोज खाऊन काय करायचंय, मला बरं वाटायलंय की.” औषध कमी करायला डॉक्टरांनी सांगितले होते का, असे विचारल्यावर त्या गप्प झाल्या, आणि मग म्हणाल्या की संध्याकाळी वहीत गोळ्यांचा आकडा निघाला की नाना काही बोलत नाहीत, पण पेन थोडा वेळ थांबते. नानांनी गोळ्यांना कधीच नकार दिलेला नव्हता. काकूंनीच ती नोंद लहान करण्याचा मार्ग शोधला होता. गोळीच नव्हे, तर चष्म्याचा नंबर बदलून दीड वर्ष झाले तरी नवा चष्मा घेतलेला नव्हता आणि लेकीकडे परभणीला जाणेही त्या टाळत होत्या.

काटकसरीच्या घरात हे फार वेळा आढळते. एक माणूस हिशेब ठेवतो आणि दुसरे माणूस त्या हिशेबात बसण्यासाठी स्वतःला कापत राहते. हिशेब ठेवणाऱ्याला याचा पत्ताही नसतो, कारण वहीत फक्त झालेला खर्च लिहिलेला असतो, टाळलेला नव्हे. औषधाचे मी समुपदेशनात काही ठरवत नाही. काकूंना आधी त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवले. रक्तदाब वाढलेला असतानाही पुष्कळदा काहीच जाणवत नाही, त्यामुळे बरे वाटते म्हणून गोळी सोडणे धोक्याचे असते, आणि पुढे पक्षाघात किंवा मूत्रपिंडाचा विकार झाल्यास वाचवलेल्या गोळ्यांच्या कितीतरी पट रक्कम जाते. डॉक्टरांच्या संमतीने त्याच घटकाची गोळी जनऔषधी केंद्रातून घेता येते का, हे पाहायला सांगितले. नामांकित कंपनीच्या औषधाच्या तुलनेत तेथील दर बहुधा निम्म्याहून कमी असतात. ही बचत करण्याजोगी आहे, कारण तीत कुणाचे काही जात नाही.

पुढच्या भेटीत काकूंच्या परवानगीने मी ही गोष्ट नानांसमोर मांडली. “मी कधी हिला नको म्हटलं का?” हे त्यांनी दोनतीनदा विचारले. त्यांच्यावर कुणी आरोप केला नाही. मी त्यांना एवढेच सुचवले की एका महिन्यापुरता वहीत आणखी एक रकाना आखावा, आणि जिथे पैसा वाचला तिथे तो कुणाचा वेळ, कुणाची मेहनत किंवा कुणाची तब्येत खर्च होऊन वाचला, हे त्या त्या माणसाला विचारून लिहावे. नाना शिक्षक असल्याने ही कामगिरी त्यांनी मन लावून केली, आणि मी व्याख्याने देऊन जे झाले नसते ते त्या रकान्याने केले.

त्यातून निघालेला एक हिशेब येथे द्यावासा वाटतो. साधारण 75 वॅटचा पंखा दुपारी तीन तास बंद ठेवल्याने महिन्याला सुमारे पावणेसात युनिट वाचत होते, आणि त्यासाठी लातूरच्या मे महिन्यात नात घामाने उठून रडत होती. त्याच वेळी ओसरीत 60 वॅटचा जुना पिवळा दिवा रोज पाचेक तास जळत होता, कारण तो “अजून गेला नाही, मग फेकायचा कसा?” त्याजागी 9 वॅटचा एलईडी दिवा लावला, तर महिन्याला साडेसात युनिटांहून अधिक वाचतात, म्हणजे पंख्यापेक्षा जास्त, आणि तेही कुणाला त्रास न होता. नानांनी हे गणित स्वतः करून पाहिले आणि येताना दिव्याचे खोके घेऊनच आले. रात्री फ्रिज बंद ठेवण्याबाबत मात्र त्यांचे मत बदलले नाही. सकाळी दूध नासल्याच्या दोन नोंदी वहीत आल्या, तेव्हा तो वाद माझ्या मदतीशिवायच मिटला.

यंत्राचा प्रश्नही पाण्यापाशी अडला होता, विजेपाशी नव्हे. गार पाण्यात एका खेपेला अर्ध्या युनिटाहून अधिक वीज लागत नाही, हे नानांना पटत होते. पाण्याचे काय, हा त्यांचा रास्त प्रश्न होता. मग असे ठरले की यंत्र एक दिवसाआड पूर्ण भरून लावायचे आणि शेवटच्या विसळणीचे पाणी बादल्यांत धरून फरशी पुसायला व संडासासाठी वापरायचे. हा तोडगा सुनेनेच सुचवला होता, हे विशेष.

सर्वांत अवघड होती ती रक्कम, जिच्याकडे वहीत कुणाचे लक्षच गेले नव्हते. पाच रुपयांच्या कोथिंबिरीवर विचार करणाऱ्या नानांनी चार लाख रुपये एका पतसंस्थेत केवळ जास्त व्याजासाठी ठेवले होते, आणि जवळपास तेवढेच बचत खात्यात वर्षानुवर्षे पडून होते. हा विरोधाभास मी पुष्कळ काटकसरी घरांत पाहिला आहे, कारण रोज हातातून जाणारा पैसा डोळ्यांना दिसतो, पडून असलेला दिसत नाही. बँकेतील ठेवींना, त्यात सहकारी बँकाही आल्या, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण असते. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून लागू आहे. पतसंस्थांना ते संरक्षण नाही. मराठवाड्यात अलीकडच्या काळात किती ठेवीदारांना स्वतःच्याच पैशासाठी दारोदार फिरावे लागले, हे वाचकांना सांगायला नको. दुसरीकडे, महागाई वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत राहिली, तर पडून असलेल्या रुपयाची खरेदीची ताकद बारा वर्षांत निम्म्यावर येते. नानांना मी गुंतवणुकीचा सल्ला दिला नाही, तो माझा विषय नव्हे. बँकेतील जाणकार अधिकाऱ्याशी बोलून मुदत संपताच काय करायचे, ते त्यांनी ठरवले.

मग मी विचारले की ही सगळी बचत किती झाली म्हणजे पुरे? नानांकडे आकडा नव्हता. “पुढं काय व्हईल कुणाला ठाऊक?” एवढेच उत्तर होते. आम्ही कागद घेऊन मांडले: सहा महिन्यांचा घरखर्च, दोघांच्या आजारपणासाठी एक रक्कम, नातीच्या शिक्षणासाठी दरवर्षीची एक रक्कम, आणि आपल्यामागे पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन. बेरीज केल्यावर असे दिसले की पहिल्या दोन गोष्टींची तरतूद केव्हाच झालेली आहे. पुढचे कुणालाच माहीत नसते हे खरे, पण ज्या भीतीला आकडा नसतो, ती कितीही साठवले तरी भागत नाही. नानांना ते लगेच पटले असे मी म्हणणार नाही. काकूंच्या स्वतःच्या खात्यात दरमहा तीन हजार रुपये जमा करावेत आणि त्यांचा हिशेब कुणी विचारू नये, या माझ्या सूचनेवर ते चिडले. हिशेब नसलेला पैसा म्हणजे गळकी घागर, असे त्यांनी ऐकवले. दोन भेटींच्या वाटाघाटींनंतर ते कबूल झाले, एका अटीवर, की औषधाचा खर्च त्या तीन हजारांतून करायचा नाही, तो घरखर्चातून वेगळा व्हायचा. अट त्यांचीच होती आणि माझ्या सूचनेपेक्षा ती चांगली होती. काकू पहिल्या महिन्यात परभणीला जाऊन आल्या, एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने आणखी पैसे वाचवूनच. सून वेगळी राहायला गेली नाही, पण तो विचार तिने पूर्ण सोडला आहे, असेही नाही.

अशाच प्रश्नाने त्रस्त असलेल्यांना दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. आजवर व्यवस्थित खर्च करणारा माणूस उतारवयात अचानक पैसे लपवू लागला, जेवणसुद्धा महाग पडते म्हणू लागला किंवा पुरेसे असूनही आपण भिकेला लागलो असे खात्रीने बोलू लागला, तर ती काटकसर नव्हे. तीव्र नैराश्यात किंवा स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला असे होऊ शकते, आणि त्यासाठी वह्या व रकाने नव्हे, तर मानसोपचारतज्ज्ञ लागतात. जवळ कुणी नसल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. काही घरांत बचतीच्या नावाखाली पत्नीचा किंवा सुनेचा पगार काढून घेतला जातो, तिचे दागिने परस्पर गहाण पडतात, किंवा औषधपाण्यालाही पैसे नाकारले जातात. नानांच्या घरी तसे नव्हते, म्हणूनच वाटाघाटी शक्य झाल्या. जिथे तसे आहे, तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा याला आर्थिक छळ मानतो, आणि त्या स्त्रीने माझ्यासारख्या समुपदेशकाकडे पतीची सवय बदलायला येण्याऐवजी किंवा येण्यासोबतच, महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे तक्रार नोंदवावी. तक्रारीसाठी वकील करण्याची सक्ती नाही आणि मोफत कायदेविषयक मदत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळू शकते.