गोळीच्या आधीची धडधड

"मॅडम, आजारापेक्षा मला त्या गोळीचीच भीती वाटते." हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की एकदा लिहायलाच हवं.

एक बाई आल्या होत्या (तपशील बदललेत). रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू होऊन तीन महिने झालेले. पर्समध्ये औषधाचं माहितीपत्रक, त्यात लाल पेनाने रेघा मारलेल्या चौदा ओळी. मनात आलं की गोळी चुकवायच्या.

'मनाचे खेळ आहेत' असं मी कुणालाच म्हणत नाही. त्रास होतोय म्हणजे होतोयच. कशाने, एवढंच शोधायचं. त्यांना वही दिली. त्रास काय, किती वाजता, गोळी किती वाजता. माझी भिस्त नोंदींवर.

तिसऱ्या भेटीत वही उघडली.

"गोळी कधी घेता?"

"रात्री नऊला."

"आणि ही धडधड?"

"साडेआठ... पावणेनऊ." त्या मागची पानं उलटत गेल्या. "सगळीकडे आधीच आहे की हो!"

मी गप्प राहिले. (ही सवय लागायला दहा वर्षं गेली.) त्रास होणार या अपेक्षेनेच शरीर बिथरतं, त्याला नोसिबो म्हणतात. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) सोसत नाही म्हणून सोडलेल्या 60 जणांच्या, 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात औषध नसलेल्या गोळीनेही जवळपास तितकाच त्रास झाला होता.

पण बोलता बोलता त्या सारख्या कोरडं खोकत होत्या.

"हा खोकला वहीत कुठे आहे?"

"तो धुळीचा हो. दोन महिने झाले."

रामिप्रिलच्या गटातल्या गोळ्यांनी नेमका असाच कोरडा खोकला होऊ शकतो, कधी काही आठवड्यांनीही. पत्रकात तो छापलेला होता, पण लाल रेघ नव्हती. घाबरलेला माणूस फार बारकाईने बघतो असं मी समजत होते. त्या दिवशी कळलं, तो भलतीकडेच बघत बसतो.

वहीसकट त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. गोळी बदलली, महिन्याभरात खोकला गेला.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका, रक्तदाब पुन्हा चढतो. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, श्वास अडकला, तर मात्र वही-बिही शोधत बसू नका. तडक दवाखाना गाठा. आणि नवी गोळी घेण्याआधी, आधीपासूनच असलेल्या त्रासांचं एक पान लिहून ठेवा. बाईंनी दुसऱ्या गोळीच्या वेळी लिहिलं. पहिलीच ओळ होती: 'मानदुखी, चार वर्षं.'