१९४३चा तांबूस सेंट : खरा की बनावट?

प्रश्न : जुन्या अमेरिकी एक सेंटच्या नाण्यांमध्ये १९४३ सालची दोन सापडली. एक राखाडी, दुसरे तांबूस. तांबूस नाण्याला फार मोठी किंमत येते म्हणतात. ते खरे आहे हे कसे ओळखावे? आणि बाकीची काळवंडलेली नाणी विकण्याआधी घासून लखलखीत करावीत का?

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचे : अजिबात घासू नका. ठसा बसताना धातू दाबाखाली कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. न वापरलेले नाणे तिरपे धरून हलवले की उजेडाचा पट्टा फिरतो, तो त्यांच्यामुळेच. एकदा घासले की त्या जातात, पुन्हा येत नाहीत, आणि जाणकार गिऱ्हाईक ते पाहताक्षणी ओळखते. तेलकटपणा असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये काही मिनिटे बुडवून, न पुसता वाळू द्या. मात्र ते पेट घेते, ज्योतीपासून लांब ठेवा. काळेपणा त्याने जाणार नाही, जायलाही नको.

आता १९४३. युद्धासाठी तांबे हवे होते, म्हणून त्या वर्षी सेंट जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे पाडले गेले, एक अब्जाहून जास्त. त्यामुळे राखाडी नाणे दुर्मिळ नाही. ब्रॉन्झच्या, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूच्या, उरलेल्या चकत्यांवर चुकून ठसा बसला, ती नाणी मात्र मोजकीच.

तांबूस नाण्याला चुंबक लावा. चिकटले तर पोलादावर तांब्याचा मुलामा आहे, विषय संपला. नाही चिकटले तर शतांश ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा : ब्रॉन्झचे ३.११ ग्रॅमच्या आसपास, पोलादी २.७. पण इथेच बरेच जण फसतात. १९४८च्या नाण्यातला ८ कोरून ३ केलेला असेल तर चुंबक आणि काटा दोन्ही अनुकूल कौल देतात, कारण ते नाणे ब्रॉन्झचेच असते. म्हणून दहापट भिंगाखाली ३ पाहा. अस्सल १९४३मध्ये त्याची शेपटी लांब असून शेजारच्या ४च्या खालपर्यंत उतरते. कोरलेल्या आकड्याची शेपटी आखूड, भोवती ओरखडे. तिन्हींत टिकले, तरच पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकी संस्थांकडे तपासणीचा खर्च करा.

बाकीच्यांत १९०९ साल पाहा. तारखेखाली एस (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण) आणि मागच्या बाजूला तळाशी व्ही.डी.बी. (नाण्याचा रचनाकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर याची आद्याक्षरे) दोन्ही असतील तर ते पाडलेल्या अवघ्या ४,८४,००० नाण्यांपैकी एक. मात्र एस चिकटवलेलाही असतो, त्याच्या कडेला सांध्याची रेघ शोधा.