वोल्हिनियात १९४३ ला काय झालं?

प्रश्न: पोलंड युक्रेनला युद्धात एवढी मदत करतो, तरी वोल्हिनियाचा विषय निघाला की दोघांचं बिनसतं. माणसं दोन्हीकडची मेली ना, मग पोलंड त्याला वंशसंहार का म्हणतो?

उत्तर: दोन्हीकडची मेली हे खरंय, पण म्हणून फिटंफाट झाली असं नाही. वोल्हिनिया म्हणजे आजच्या युक्रेनचा वायव्य भाग, दोन महायुद्धांच्या मधे तो पोलंडकडे होता, लोक बहुतेक युक्रेनियन, पोलिश साधारण सहात एक. पोलिश सरकारने माजी सैनिकांना तिथे जमिनी दिल्या, युक्रेनियन शाळा कमी केल्या, त्यामुळे राग होताच. १९३९ ला सोव्हिएत आले, १९४१ ला जर्मन. १९४२ मध्ये जर्मनांनी तिथले ज्यू मारले तेव्हा स्थानिक युक्रेनियन पोलीस मदतीला होते, आणि पुढच्या वसंतात त्यातलेच हजारो पोलीस हत्यारांसकट जंगलात जाऊन युक्रेनियन बंडखोर सेनेत म्हणजे यूपीएत सामील झाले. गाव घेरून माणसं कशी संपवायची हे त्यांना आधीच माहीत होतं, मला तरी यातलं सगळ्यात भयंकर हेच वाटतं.

१० जुलै १९४३ ला यूपीएशी बोलणी करायला गेलेला पोलिश कवी झिग्मुंट रूमेल मारला गेला. दुसऱ्या दिवशी रविवार, लोक चर्चमध्ये एकत्र सापडणार, तेव्हाच यूपीएने शंभरएक पोलिश वस्त्यांवर एकदम हल्ले केले. किसेलिनमध्ये काहीजण पाद्र्याच्या घरात वरच्या मजल्यावर चढले आणि विटा उपसून खाली फेकत तासन् तास लढले, त्यातले बरेच वाचले. बाकी ठिकाणी कुऱ्हाडी, विळे, आणि मेलेल्यांत बायका-मुलं-म्हातारेच जास्त. एकट्या वोल्हिनियात ५० ते ६० हजार, शेजारचा पूर्व गॅलिशिया प्रांत धरून १ लाखापर्यंत असा अंदाज आहे. ही काही भडकलेली दंगल नव्हती हो, पोलिश माणूस त्या भूमीवर उरूच नये म्हणून ठरवून केलेलं होतं, म्हणून पोलंडच्या संसदेने २०१६ ला वंशसंहार म्हटलं.

पोलिश गटांनी सूड घेतला, १९४४ च्या मार्चमध्ये साह्रिन गावात शेकडो युक्रेनियन मारले, तेही निष्पापच, त्यांचाही हिशोब मागायलाच हवा. आणि पोलिश शेजाऱ्यांना लपवणारे युक्रेनियनही होते, त्यापायी जीव गेलेलेही.

आजचं भांडण मुख्यतः हाडांचं आहे. २०१७ ला युक्रेनने उत्खनन थांबवलं, बंदी उठून २०२५ ला पुझ्निकी गावात परत सुरू झालं, बाकी कित्येक गावांचे मृत अजून शेतात-जंगलात तसेच आहेत.