बॅगवर तुटून पडण्याआधी

वजन कमी करायला बॉक्सिंग निवडलंत, छान. पण आधी हाताच्या पट्ट्या बांधायला शिका. नवख्यांचं मनगट पंचिंग बॅगवर वाकडं पडतं आणि दुखावतं. १८० इंची पट्टी घ्या. अंगठ्यापासून सुरुवात, मनगटाला तीन-चार वेढे, मग मुठीच्या सांध्यांवर, बोटांमधून आणि पुन्हा मनगटावर. मूठ वळल्यावर घट्ट वाटावी, उघडल्यावर बोटांना मुंग्या येता कामा नयेत. ग्लोव्ह्ज १२ किंवा १४ औंसांचे. घरी आल्यावर ते पिशवीतून बाहेर काढा, नाहीतर वास जन्मात जाणार नाही.

सुरुवातीला स्टान्स (उभं राहण्याची ढब), पावलं आणि जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), बस. कंटाळा येईल, खरंय. जॅब मारला की हात त्याच वाटेने हनुवटीपाशी परत. मागच्या हाताचा सरळ ठोसा, म्हणजे क्रॉस, मात्र पायाच्या रेट्यातून, कंबर वळवून येतो. नुसत्या खांद्याने मारलात तर खांदाच धरेल. श्वास रोखू नका, प्रत्येक ठोशाला फुस्सकन सोडा. स्पर्धेतली फेरी सहसा तीन मिनिटांची असते, तुम्ही दोनने सुरू करा.

गुडघे कुरकुरत असतील तर दोरीच्या उड्यांऐवजी शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्पॅरिंगची, म्हणजे जोडीदाराशी सरावाच्या लढतीची, तुम्हाला गरजच नाही. डोक्यावर मार खाऊन चरबी घटत नाही! कोच पहिल्याच आठवड्यात रिंगमध्ये ढकलत असेल तर क्लब बदला.

आणि हो, सरावानंतर सडकून भूक लागते. तेव्हा गाडीवर दोन वडापाव हाणलेत, तर घाम गाळून जाळलेलं बहुतेक सगळं परत आलं समजा.