स्टिल लाइफ पेंटिंगवरून (म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंच्या चित्रांवरून) सिरॅमिक करतात म्हणजे भांड्यांवर फळाफुलांची चित्रं काढतात का?

नाही हो, बरेच जण असंच समजतात. इथे भांड्यांची मांडणीच चित्रासारखी असते. इटलीतल्या बोलोन्याचा चित्रकार जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) त्याच त्या बाटल्या, डबे, वाडगे जागा बदलून बदलून वर्षानुवर्षं चित्रांत रंगवत बसला, काही बाटल्यांवर चमक नको म्हणून चक्क मॅट रंग फासायचा. ऑस्ट्रेलियाच्या सिरॅमिक कलाकार ग्विन हॅन्सन पिगॉट (१९३५–२०१३) यांनी त्याच्यावरून प्रेरणा घेतली पण काम नेमकं उलटं, म्हणजे त्याने खऱ्या बाटल्या कॅनव्हासवर नेल्या आणि यांनी चित्रातली ती शांतता परत पोर्सलेनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) भांड्यांत आणली. दोन उंच बाटल्या, बाजूला एक बीकर, पुढे छोटा बाऊल, सगळे फिकट रंग, आणि खरी मजा मधल्या फटीत, एक बाटली बोटभर सरकवली की अख्खा ग्रुप बिघडतो!

करायला मात्र डोकेदुखी, कारण पोर्सलेन भट्टीतून बाहेर येईपर्यंत साधारण १२-१५ टक्के आकसतं, त्यामुळे कुठली कड कुठल्या कडेच्या किती खाली येणार ते चाकावर असतानाच धरून चालावं लागतं, आणि ग्लेझचा (भांड्यावरच्या काचेसारख्या थराचा) शेड जरा हलला की तो पीस बाद. चित्रकाराला सावली रंगवून मोकळं होता येतं, इथे ती दिवसभर सरकत राहते. फोटो बघून काही कळत नाही, प्रत्यक्ष बघायला मिळालं तर भांड्यांच्या उंचीवर डोळे आणून बघा.